ब्रेक लाईट लागत नाही, नाहीतर विझतच नाही: ब्रेक स्विच तपासायचा कसा आणि बदलायचा कसा

ब्रेक लाईट बिघडला की बहुतेक लोक दोनच गोष्टी करतात, बल्ब बदलतात नाहीतर सरळ नवीन स्विच आणून बसवतात, आणि चार दिवसांनी परत तेच रडगाणं. जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकांची गाडी रोज सकाळी स्टार्ट व्हायची नाही, एका गॅरेजवाल्यानं सांगितलं मालक बॅटरी संपलीय, नवीन टाकली, तीही तिसऱ्या दिवशी बसली. खरं कारण होतं पेडलवरचं एक बोटाच्या पेराएवढं रबर, ते तुटलं होतं म्हणून ब्रेक लाईट रात्रभर जळत होते आणि गाडी भिंतीला पाठ लावून उभी असल्यामुळे कुणाला दिसतच नव्हते. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, दहा तासांत बसणारच की.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे. फ्यूज, बल्ब, रबर, स्विच, वायर, याच क्रमाने जा, मधली पायरी सोडू नका.

स्विच काम कसं करतो एवढं आधी डोक्यात बसवा. ब्रेक पेडलच्या दांड्याच्या वरच्या बाजूला ब्रॅकेटवर एक छोटा प्लास्टिकचा स्विच असतो, त्याला पुढे दांडी असते तिला प्लंजर म्हणतात. पेडल वर असताना ते प्लंजर आत दाबून धरतं, तेव्हा ब्रेक लाईट बंद. पेडल दाबलं की प्लंजर मोकळं होऊन बाहेर येतं आणि लाईट लागतो. म्हणजे प्लंजर दाबलं की बंद, सोडलं की चालू. दारावरच्या बेलच्या बटणाच्या बरोबर उलटं, आणि इथेच खूप जण गोंधळतात.

काय काय लागेल

मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प तर पाहिजेच. १२ आणि १४ चे फिक्स पाने, छोटा स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला बांधायची बॅटरी (मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून काम होत नाही), फ्यूज काढायचा चिमटा, गाडीच्या पुस्तकात लिहिलेत त्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज, आणि चाकाला लावायला दोन विटा.

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, विटा लावा, इंजिन बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी आठच्या आत उरका, बाहेर ४२-४३ अंश असलं की बंद गाडीत पेडलखाली डोकं घालून पंधरा मिनिटंही बसवत नाही.

पायरी १: नक्की काय होतंय ते बघा

एकटे असाल तर गाडी रिव्हर्समध्ये भिंतीजवळ किंवा दुकानाच्या शटरजवळ लावा, अंधार पडल्यावर उजेड आरशात दिसतो. नाहीतर मोबाईल मागे स्टँडवर ठेवून व्हिडिओ काढा. आता पेडल दाबून तिन्ही लाईट बघा, डावा, उजवा आणि मागच्या काचेतला वरचा.

फक्त एकच बाजू बंद असेल तर स्विचला हातसुद्धा लावू नका, बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचा अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) गेलाय. वरचा लागतो आणि खालचे दोन्ही बंद, तरी बहुतेक गाड्यांत स्विच चांगलाच आहे, कारण तिघांना करंट त्याच्यातूनच जातो, दोन्ही बल्ब एकापाठोपाठ गेलेले असतात आणि आपलं लक्ष नसतं. तिन्ही बंद असतील तर फ्यूज, स्विच किंवा वायर. तिन्ही सतत चालू असतील तर रबर किंवा स्विच. कधी लागतात कधी नाही, म्हणजे स्विचमधले पॉइंट (करंट जोडणारे ठिपके) जळलेत, नाहीतर सेटिंग सरकलंय, नाहीतर कपलर (स्विचला वायरी जोडणारा प्लग) ढिला आहे.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्किंगमधून निघत नाही, बटण स्टार्टची गाडी ब्रेक दाबूनही नुसती डिस्प्ले लावते पण इंजिन फिरवत नाही, क्रूझ कंट्रोल लागत नाही, या तक्रारींमागेही हाच स्विच असू शकतो. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) लावला तर पी०५७१ किंवा पी०५०४ असा कोड दिसतो. पण कोड आला म्हणजे स्विचच खराब असं नाही, त्या सर्किटमध्ये कुठेतरी गडबड आहे एवढाच त्याचा अर्थ, खालच्या तपासण्या करायच्याच.

तपासा: तुमच्या गाडीत चावी काढलेली असताना ब्रेक लाईट लागतो का? खूप गाड्यांत लागतो, काहींत इग्निशन चालू करावं लागतं. हे माहीत नसेल तर पुढची सगळी मोजमापं चुकतील.

पायरी २: फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर स्टॉप असं लिहिलेला फ्यूज शोधा. बऱ्याच गाड्यांत तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो, १० चा लाल, १५ चा निळा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईटचा फ्यूज एकच असतो, त्यामुळे हॉर्नही बंद असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून चांगला ठरवू नका, बारीक चीर दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या बोल्टला लावून टोक आळीपाळीने दोन्हींना लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला पेटला तर उडालाय.

नवीन टाकला आणि परत उडाला तर कधी उडाला ते बघा. पेडलला हात न लावताच उडाला तर शॉर्ट स्विचच्या आधीच्या वायरमध्ये. पेडल दाबल्याबरोबर उडाला तर शॉर्ट स्विचच्या पुढे, म्हणजे मागच्या लाईटकडे जाणाऱ्या वायरमध्ये. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धा दिवस वाचतो. पुढे शॉर्ट असेल तर पहिल्यांदा डिकीच्या झाकणाजवळची रबरी नळी बघा, झाकण हजारो वेळा उघडबंद होऊन तिथल्या वायरी सोलल्या जातात. दुसरी जागा म्हणजे बाहेरून जोडलेली एलईडी पट्टी किंवा टो हुकचं कनेक्शन.

सावधान: १० च्या जागी २० चा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम चालवू नका. फ्यूज उडाला नाही तर वायर जळते, आणि ती वायर गालिच्याखालून जाते.

पायरी ३: बल्ब आणि होल्डर

खूप गाड्यांत मागे पी२१/५डब्ल्यू हा दोन फिलामेंटचा बल्ब असतो, ५ वॅटचं पार्किंगला, २१ वॅटचं ब्रेकला. पार्किंग लागतंय म्हणजे बल्ब चांगला असं समजू नका, दुसरं फिलामेंट गेलेलं असू शकतं. बल्ब काढून उजेडाकडे धरून दोन्ही तारा बघा, काच आतून काळी पडली असेल तर बदलाच.

या बल्बच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, एका उंचीवर नसतात, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. दुकानदाराने चुकून एक फिलामेंटवाला दिला आणि तुम्ही जोर लावून घुसवला तर त्याचा एक ठिपका होल्डरच्या दोन पत्त्यांना टेकतो, मग पार्किंग आणि ब्रेक एकमेकांत मिसळतात. ब्रेक दाबला की पार्किंग लागतं, लाईट लावले की ब्रेक लाईट लागतो, आणि लोक स्विच बदलत बसतात.

होल्डरमध्ये हिरवट पावडर किंवा गंज दिसला तर बारीक पॉलिश पेपरने घासा, फ्यूज काढून मगच. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर किंवा पार्किंगही मंद पेटत असेल तर अर्थ गेलाय, होल्डरमधून निघणारी अर्थची वायर (बहुतेक काळी असते) बॉडीला कुठे बोल्ट केलीय तिथे जाऊन साफ करा, घट्ट करा.

पायरी ४: पेडलवरचं रबर, हे कुणीच बघत नाही

आता ड्रायव्हरच्या मॅटवर बघा. लाल, पांढऱ्या, निळ्या किंवा काळ्या रंगाचे छोटे कुसकरलेले तुकडे पडलेत का? असतील तर रोगाचं निदान झालं म्हणून समजा. पेडलच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात रबर किंवा प्लास्टिकचा स्टॉपर बसवलेला असतो आणि स्विचचं प्लंजर त्याच्यावर टेकतं. बरीच वर्षं झाली की उन्हाने, उष्णतेने तो कडक होऊन फुटतो, प्लंजर त्या भोकातून आरपार जातं आणि स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय. लाईट सतत चालू.

आपल्या हवेत हे जास्त होतं असा माझा अनुभव आहे, दिवसभर उन्हात उभ्या असणाऱ्या गाड्यांत तर फारच. अशा वेळी नवा स्विच टाकून काहीही होत नाही, स्विचपेक्षा कितीतरी स्वस्त असलेलं ते रबर बदला. आपल्याच मॉडेलचं घ्या, नुसत्या हाताने दाबून बसतं, कडा थोडी साबणाच्या पाण्याने ओली केली की सोपं जातं. काही लोक तिथे नट-बोल्ट लावतात किंवा फेविक्विकने नाणं चिकटवतात. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पण तसंच ठेवू नका, नाणं निघून पेडलखाली गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

तपासा: बोटाने प्लंजर आत दाबा. लाईट विझले तर स्विच चांगला, रबर किंवा सेटिंग खराब. दाबूनही विझले नाहीत तर कपलर काढा. कपलर काढल्यावर विझले तर स्विच आतून चिकटलाय. तरीही जळतच राहिले तर मागे कुठेतरी वायरला करंट लागतोय.

पायरी ५: स्विच तपासणं

आधी बघा स्विचला वायरी किती. दोन असतील तर सोपं. चार असतील तर आत दोन वेगळे स्विच आहेत, एक ब्रेक लाईटचा, दुसरा इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा, आणि दोघं एकमेकांच्या उलटे चालतात, पेडल दाबलं की एक जोडला जातो आणि दुसरा तुटतो. म्हणून चार वायरच्या गाडीत लाईट व्यवस्थित लागूनही क्रूझ किंवा गिअरची तक्रार येऊ शकते, दोन्ही जोड्या तपासायच्या.

कपलर स्विचला लावलेलाच ठेवा आणि वायर जिथून आत शिरते त्या मागच्या बाजूने टोचणी घाला. मीटरची काळी वायर बॉडीच्या उघड्या बोल्टला. दोन वायरच्या साध्या स्विचवर असं दिसायला हवं:

एका वायरवर पेडल दाबा किंवा सोडा, कायम १२ व्होल्टच्या आसपास. ते नसतील तर स्विचपर्यंत करंटच येत नाहीये, परत फ्यूजकडे जा.

दुसऱ्या वायरवर पेडल वर असताना शून्य, दाबल्यावर १२. पहिलीवर आहेत आणि दाबूनही दुसरीवर येत नाहीत, तर प्लंजर खरंच बाहेर येतंय का ते टॉर्चने बघा. बाहेर येतंय तरी करंट नाही, म्हणजे स्विच गेला. दुसरीवर १२ येतात पण लाईट नाहीत, तर स्विच चांगला आहे, पुढची वायर बघा.

आता खरी गंमत कधी लागतो कधी नाही अशा स्विचमध्ये आहे. मीटरने बीप घेतला (दोन टोकं आतून जोडलेली असली की मीटर वाजतो) तर तो चांगला दाखवतो, कारण मीटर त्यातून नावापुरताच करंट सोडतो. बल्बचा साडेतीन अँपिअर गेला की जळके पॉइंट हात टेकतात. म्हणून बल्ब जोडलेले ठेवून, पेडल दाबून, मीटरच्या दोन्ही टोचण्या स्विचच्याच दोन वायरींवर लावा. आकडा शून्याजवळ पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर स्विच बदला, मग तो आज चालत असला तरी.

सावधान: दोन वायर डायरेक्ट जोडून बघायची युक्ती फक्त दोन वायरच्या साध्या सर्किटमध्ये, आणि तीही मधे फ्यूज असलेल्या वायरनेच. नवीन गाड्यांत ब्रेक लाईट कंट्रोल युनिट लावतं, काहींत तर आत पॉइंटच नसतात, सेन्सर असतो. तिथे असली जोडाजोड केली तर हजारोंचं युनिट जाईल.

आणखी एक, जुन्या जीपसारख्या काही गाड्यांत हा स्विच पेडलवर नसून ब्रेक ऑइलच्या लाईनवर असतो. तो खोलला की ऑइल गळतं, लाईनमध्ये हवा शिरते आणि ब्रेक ब्लीड करावे, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागते. तो घरी करू नका.

पायरी ६: नवीन स्विच घेताना

जुना स्विच हातात घेऊन जा, किंवा निदान आरसीवरचा चेसिस नंबर. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून बघा: पिना किती, प्लंजरची लांबी, आट्या आहेत का फिरवून लॉक होणारा आहे. क्लचचा स्विच दिसायला डिट्टो असतो पण आतलं काम उलटं असू शकतं, ही चूक मी डोळ्यांनी बघितलीय, स्विच बसला, कपलर बसला, आणि पेडल सोडलं की लाईट लागायला लागले. दुकानातच मीटर लावून बघा, प्लंजर सोडलेलं असताना बीप, दाबलं की बंद.

पण आपोआप सेट होणारा स्विच असेल तर त्याचं प्लंजर बसवायच्या आधी दाबून बघू नका, काही स्विच आयुष्यात एकदाच सेट होतात.

पायरी ७: जुना काढणं

बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण स्विचच्या एका वायरवर कायम करंट असतो आणि पाना ब्रॅकेटला टेकला की फ्यूज जातो. रेडिओचा कोड लागत असेल तर आधी शोधून ठेवा.

काढायच्या आधी मोबाईलने दोन फोटो घ्या, आणि आटीवाला असेल तर नटच्या बाहेर किती आट्या दिसतात ते मोजा. हा आकडा पुढे लागतो. कपलरचं लॉक दाबून कपलर ओढा, वायर ओढू नका. आटीवाल्याचा चेकनट (स्विच जागेवर आवळून धरणारा नट) १४ च्या पान्याने (काहींत वेगळा असतो) ढिला करा आणि स्विच हाताने फिरवून काढा. लॉकवाला असेल तर पाव वळसा फिरवला की सुटतो, जोर लावावा लागतोय म्हणजे उलट्या बाजूला फिरवताय.

पायरी ८: नवीन बसवणं आणि सेटिंग

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथली चूक लाईटपुरती राहत नाही, थेट ब्रेकवर जाते.

स्विच फार आत घेतला तर त्याची बॉडी पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही. पेडल किंचित दाबलेलंच राहतं, मास्टर सिलेंडरमधलं ऑइल पूर्ण परत जात नाही, चालवताना ब्रेक हळूहळू धरायला लागतात आणि चाकं तापतात. पुणे रोडला सावळेश्वर टोलपर्यंत जाईपर्यंत वास यायला लागेल. स्विच फार बाहेर ठेवला तर लाईट सतत चालू, किंवा खड्ड्यात गाडी आपटली की उगाच लागतो.

आधी ब्रेक पाच-सहा वेळा दाबून बूस्टरचा (ब्रेकला जोर देणारा डबा) व्हॅक्यूम संपवा. पेडल स्वतःहून पूर्ण वर येऊ द्या. कपलर न लावता स्विच हाताने आत फिरवत न्या, बॉडी रबराला जेमतेम टेकली की थांबा, मग थोडा मागे घ्या, बॉडी आणि रबर यांच्यात साधारण १ मिलिमीटर फट राहील एवढा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच धरा. फट मोजायला दोन-तीन व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरून सरकवून बघा. मोजलेल्या आट्यांशीही ताडून बघा. आता एका हाताने स्विच धरून चेकनट घट्ट करा, नटाबरोबर स्विच फिरतो आणि केलेलं सेटिंग जातं, म्हणून हात सोडू नका. प्लास्टिक आहे, बेताने आवळा. कपलर शेवटी लावा, आधी लावून स्विच फिरवला तर वायरी पिळल्या जातात.

आपोआप सेट होणाऱ्यात प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, कुठे पेडल दाबून बसवायचं, कुठे अजिबात हात लावायचा नाही. पाकिटावरचा कागद वाचल्याशिवाय सुरू करू नका.

तपासा: पेडलला बोटांनी हलवून बघा, जोर लागायच्या आधी थोडा मोकळा खेळ जाणवलाच पाहिजे. खेळच नसेल तर स्विच मागे घ्या.

पायरी ९: गाडी रस्त्यावर काढायच्या आधी

निगेटिव्ह लावा. पेडल अगदी हलकं, सेंटिमीटरभर दाबा, लाईट लागायला हवा, सोडल्याबरोबर विझायला हवा. असं वीस वेळा. मग इंजिन चालू करून, हेडलाईट आणि इंडिकेटर लावून परत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर लॉक, क्रूझ असेल तर तेही, आणि कोड आला होता तर स्कॅनरने पुसून परत येतो का बघा.

सगळं ठीक असेल तर पाच-सहा किलोमीटर फिरून या, हायवेला न जाता आतल्या रस्त्याने, आणि उसाचा हंगाम असेल तर रात्री तर नाहीच, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अचानक पुढे येतात आणि मागच्याला तुमचा ब्रेक दिसला नाही तर तो थांबूच शकत नाही. परत आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. पुढची दोन्ही सारखी कोमट असतील तर ठीक. एखादं किंवा दोन्ही भट्टीसारखी तापली असतील, सपाटीवर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलायला जड जात असेल, तर स्विच अर्धा वळसा मागे घेऊन परत तपासा, तरी तसंच असेल तर गाडी चालवत न नेता मेकॅनिकलाच घरी बोलवा.

त्या रात्री गाडी बंद करून दहा मिनिटांनी मागे जाऊन एकदा लाईट विझलेत का बघा, आणि आठवड्याने चेकनटला परत पाना लावून बघा. नवा स्विच दोन-तीन महिन्यांतच परत जळाला तर तिसरा आणू नका, आधी मागे कुणी जादा वॅटचे बल्ब टाकलेत का, ब्रेकच्या वायरवरून आणखी काही जोडलंय का ते शोधा, साध्या गाडीत तो सगळा करंट या एवढ्याशा स्विचमधूनच जातो.